तिसऱ्या रविवारी बस का वळली नाही

मास्तर, काल तुमच्यानंतरचा पहिला रविवार झाला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बस बागेच्या दारात आली, कडुलिंबाला वळसा घालून एका दमात वळली आणि थांब्याला लागली. शब्बीरभाईंना एकदाही गाडी मागे घ्यावी लागली नाही. चौदा माणसं उतरली. हे आधी सांगते, कारण तुम्ही आधी हेच विचारलं असतं.

उतरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सवयीने खिशातून, पर्समधून आपापलं कार्ड काढलं आणि दाराच्या डाव्या खांबाकडे हात पुढे केला. खांबाशी कुणी नव्हतं. काहींनी कार्ड परत ठेवलं, काही जण ते हातात धरूनच बागेत चक्कर मारत राहिले. नव्या पेठेतले कापडवाले मल्लिनाथशेठ खांबापाशी थांबले आणि मला म्हणाले, "आता भोक कोण पाडणार?" मी उत्तर दिलं नाही. माहीत नसेल तेव्हा गप्प राहावं, एवढं या बातमीच्या धंद्यात शिकले आहे. माहीत असताना गप्प राहायलाही शिकले, आणि हे लिहिणं त्याबद्दल आहे.

तुमचं वय, परिवहन खात्यातल्या नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे सगळं शुक्रवारच्या अंकात चौकटीत आलं. चौकट मीच केली. दोनदा तपासली. तिच्यात चूक नाही. चूक आहे ती दुसऱ्या एका बातमीत. ती छापून आल्याला वर्ष होत आलं. ती चूक मला माहीत होती आणि तुम्हालाही. त्यानंतर आपण जवळजवळ दर रविवारी भेटलो, आणि त्याबद्दल एकदाच, तेही अर्धवट बोललो.

आपली पहिली भेट मला शब्दांसकट आठवते, कारण ती मी वहीत उतरून घेतली होती. ऑफिसने मला बागेत पाठवलं होतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांवर काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या, असं सांगितलं होतं. दाराशी एक खाकी शर्टातला माणूस उभा होता. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. तुम्ही निवृत्त झालात तरी ती हाक तुम्हाला सोडून गेली नव्हती. मी स्कूटर लावली आणि जवळ आले.

"तुमी कशावर आला, ताई?"

"स्कूटरवर."

"कुटनं?"

"शुक्रवार पेठेतून."

"आनी हितं काय करनार?"

"बातमी करणार. मग एक चक्कर मारीन."

"म्हंजे चालायला गाडीवर आला." तुम्ही पंच हवेत दोनदा वाजवलात. "लई भारी. उद्या पवायला बादली घेऊन या."

मी नाव विचारलं. तुम्ही सांगितलंत, अंबादास सरवदे. मग तुमच्या हातातली कार्डं पाहिली. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या पट्ट्या होत्या. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त अर्धा तुटलेला, दुसऱ्या बाजूला तुमच्या अक्षरात तीन शब्द: चालत, सायकल, बस. जो जसा आला असेल त्या शब्दापुढे तुम्ही भोक पाडायचात. ही कापाकापी घरी ताराबाई करायच्या. तुमचा नोकरीतला पंच खात्यात जमा झाला होता. हा तुम्ही जुन्या बाजारातून शोधून आणला होता.

मी बातमीदाराचा प्रश्न विचारला. "दहा भोकं झाली की काय मिळतं?"

"काय न्हाय."

"मग लोक कशाला घेतात?"

"भोक मिळतं की," तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी मला कार्ड मिळालं नाही. मागितलं तर म्हणालात, "तुमी गाडीवर आलाय." पुढे कित्येक रविवार तेच उत्तर मिळालं.

तुम्ही हे का करत होता, ते कळायला मला तीन खेपा लागल्या. पूर्वी शहर बस बागेच्या दारापर्यंत यायची आणि कडुलिंबाला वळसा घालून परत जायची. पुढे दारात गाड्या वाढल्या. आधी एक रांग, मग दोन. बसला वळायला जागा उरली नाही, म्हणून थांबा मोठ्या रस्त्यावर गेला. तिथून बागेच्या दारापर्यंतच्या वाटेवर सावलीचं एकही झाड नाही. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना तो फरक जाणवतही नाही. ताराबाईंचे गुडघे धड नव्हते. थांबा हलला तेव्हापासून त्यांनी बाग पाहिली नव्हती. रिक्षा केली तर येतील, असं मी सुचवलं. तुम्ही म्हणालात, "उभा जन्म मी लोकांच्या बायकांना दारात उतरवलं. माझी बायकू रिक्षानं येनार व्हय?"

तुम्ही परिवहनच्या साहेबांकडे गेलात. साहेब वयाने तुमच्या नोकरीपेक्षा लहान, पण सरळ माणूस. त्यांनी एक अट घातली आणि ती लिहून दिली. लागोपाठ तीन रविवार बस बागेच्या दारात आणून पाहायची. तिन्ही वेळा ती एका दमात वळली, तर थांबा परत दारात. एकदा जरी गाडी मागे घ्यावी लागली, तर मोजणी पहिल्यापासून. तो कागद तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवायचात. घामाने अक्षरं जाऊ नयेत म्हणून.

म्हणजे लोकांनी गाडी आणायची नाही, एवढंच काम होतं. आणि तुम्ही कुणालाही "गाडी आणू नका" म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होते, एकदा तरी म्हणाल, म्हणजे मला अवतरणात घालता येईल. तुम्ही फक्त विचारायचात, कशावर आला. एकाच गल्लीतून दोन मोटारी आल्या, तर त्या दोन माणसांची ओळख करून द्यायचात. कुठल्या चौकातून कितीला बस सुटते, ते तुम्हाला पाठ होतं. एका शिक्षिकेला तुम्ही तिच्या घरापासूनची वाट इतकी बारकाईने सांगितलीत की ती म्हणाली, "मास्तर, आता तुम्हीच येऊन उठवा मला." तुम्ही खरंच विचारलंत, "किती वाजता?"

ही रीत तुम्ही मंद्रूपच्या बाजारच्या दिवशी शिकलात, असं तुम्हीच सांगितलं होतं. गाव तुमचं तेच. बाजारच्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, दाराशी सगळे खिळून उभे. दुसरे कंडक्टर ओरडायचे, मागे सरका. कुणी सरकायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "मागं हवा लई हाय." लोक आपसूक मागे जायचे. "हवा होती का?" मी विचारलं. "थोडी हुती की," तुम्ही म्हणालात. "सगळं खोटं बोलून चालत न्हाय."

मल्लिनाथशेठांवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलात. ते, त्यांची बायको आणि ती मोठी पांढरी मोटार. शेठ आपल्या कानडी वळणाने म्हणायचे, "याक री मास्तर, माझ्याच मागे का? गाडी मोठी आहे, तर माणूस काय करणार?" तुम्ही तोडगा काढलात. गाडी अलीकडच्या शाळेच्या मैदानात लावा आणि उरलेलं चालत या. शेठ मोठ्या ऐटीत चालत आले आणि कार्ड पुढे केलं. तुम्ही भोक अगदी कडेला पाडलंत, अर्धं कार्डावर, अर्धं बाहेर.

"हे काय?"

"हाफ तिकीट. अर्धं चालला न्हवं का?"

त्यांची बायको इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. "साठीला आले आणि हाफ तिकीट!" पाचएक रविवार शेठांच्या कार्डावर कडेची भोकं पडत राहिली. मग एके दिवशी ते बसमधून उतरले, उभ्याने आलेले, घामाघूम. कार्ड तुमच्या हातात देऊन म्हणाले, "आता फुल्ल पाडा." तो पंच मी दाराच्या पलीकडून ऐकला होता.

आपला वाद तेव्हा सुरू झाला आणि तो संपलेला नाही. माझं म्हणणं होतं, हे असं एकेका माणसाने होत नसतं. दारात गाडी लावणाऱ्याला दंड करा, दोन आठवड्यांत रस्ता मोकळा होईल. मी तसं लिहिलंही होतं. तुम्ही तो अंक पिशवीत घालून आणलात.

"दंड भरला की मानूस म्हनतो, फिटलं. पुन्ना गाडी लावायला मोकळा. लाजलेलं मानूस चालत येतं, ताई."

"सगळेच लाजत नाहीत मास्तर."

"सगळे कुटं पायजेत? बस वळंल एवढे लाजले तरी बास."

पहिल्या रविवारी बस वळली. दुसऱ्या रविवारीही वळली. दोन्ही बातम्या मीच केल्या. त्यामुळे तिसऱ्या रविवारी आणखी तीन बातमीदार आले.

त्या सकाळी दारासमोरची जागा पूर्ण रिकामी होती. मी ती तशी कधीच पाहिली नव्हती. लोक चालत आले होते, सायकली आत कठड्याशी लावल्या होत्या, आणि बरेच जण मोठ्या रस्त्याच्या थांब्यावरून त्याच बसमध्ये बसून येणार होते. तुमच्या हातातला पंच सारखा उघडझाप करत होता.

आम्हा चौघांना बस वळतानाचा फोटो हवा होता. तो कडुलिंबाच्या समोरच्या कोपऱ्यातून चांगला आला असता. आम्ही तिथे गेलो आणि जिथे उभं राहायचं तिथेच आपापली गाडी लावली. बातमीदार गाडी लांब लावत नाही. बातमी झाली की पळायचं असतं. गाड्या न आणण्याची बातमी करायला आपण गाडीवर आलो आहोत, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग आम्हाला दिसलं की दाराच्या कट्ट्यावरून फोटो आणखी चांगला येईल. आम्ही तिकडे गेलो. गाड्या तिथेच राहिल्या.

सहा दहाला बस आली. साहेब ड्रायव्हरशेजारी बसले होते. शब्बीरभाईंनी चाक वळवलं, बस झाडाला अर्धा वळसा घालून आली आणि थांबली. हॉर्न वाजला. शब्बीरभाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "किसकी गाडी है जी ये? कोने पे कौन लगाता?"

पुढचं चाक माझ्या स्कूटरपाशी अडलं होतं. निळी स्कूटर, मागच्या दिव्याची काच फुटलेली. मी कट्ट्यावर होते. तिथून कोपऱ्यापर्यंत पळत जायला फार वेळ लागला नसता. मी गेले नाही. आम्ही कुणीच गेलो नाही. शब्बीरभाईंनी थोडं थांबून बस मागे घेतली, पुन्हा चाक मारलं आणि वळवली. सगळं अर्ध्या मिनिटात झालं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तुमच्याकडे पाहून मान हलवली. तुम्ही त्यांना नमस्कार केलात. गर्दी पांगल्यावर मी स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात माझी बातमी होती. तिसरं वाक्य असं: "बागेच्या दारात काही वाहने उभी असल्याने बसला एकदा मागे यावे लागले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार आहे." यात एकही शब्द खोटा नाही. वाहनं होती, उभी होती, दारात होती. कुणाची, ते मी लिहिलं नाही.

वाचणाऱ्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी गाडी आणली. पुढच्या रविवारपर्यंत ते "कुणीतरी" म्हणजे मल्लिनाथशेठ, असं ठरूनही गेलं होतं. मोठी मोटार सगळ्यांच्या लक्षात होती. शेठ त्या दिवशी बसमध्ये उभे होते, दोन्ही हातांनी दांडी धरून. पण कोण कुणाला विचारतंय. ते यायचे बंद झाले. तुम्ही नव्या पेठेत त्यांच्या दुकानात गेलात, गादीवर बसून राहिलात आणि त्यांना घेऊनच बाहेर पडलात, हे मला फार उशिरा, त्यांच्याच तोंडून कळलं. तुम्ही सांगितलं नव्हतं.

तुम्ही मला विचारलंत ते त्याच पुढच्या रविवारी. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"ताई, कुनाच्या गाड्या, ते लिवलं न्हाय."

"जागा नव्हती मास्तर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पंच दोनदा वाजवलात.

"जागा तर आमच्या बसला बी न्हवती," म्हणालात, आणि दाराकडे वळलात.

त्या दिवशी मी चालत आले होते. शुक्रवार पेठेतून निघून, गल्ल्यांतून, पंचवीस मिनिटं. का, ते मी स्वतःला सांगितलं नव्हतं. तेवढं बोलून झाल्यावर तुम्ही परत फिरलात आणि नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच आवाजात विचारलात. "तुमी कशावर आला?"

"चालत."

तुम्ही पिशवीतून कोरी पट्टी काढलीत, "चालत"पुढे भोक पाडलंत आणि माझ्या हातात दिलीत. तोंडातून "व्वा" नाही, "शेवटी आलात" नाही. मागे कुणाच्या तरी मुंजीचा पत्ता होता. ते कार्ड भरलं, त्यानंतरचीही भरली. आज ती माझ्या टेबलाच्या खणात रबर लावून ठेवलेली आहेत. पंचवीस मिनिटांच्या त्या वाटेवर मला हे शहर पहिल्यांदा बातमीशिवाय दिसलं. कुठल्या घराच्या जोत्यावर कोण दात घासत बसतं, कुठलं दुकान आधी उघडतं, कुठल्या वळणावर भजी तळायला सुरुवात होते, हे बावीस वर्षं या शहरात बातम्या करूनही मला माहीत नव्हतं. हे तुमच्यामुळे झालं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

पुन्हा तीन रविवार जुळायला उन्हाळा उलटावा लागला. साहेबांची बदली होता होता राहिली, एकदा बस बिघडली, एकदा बागेबाहेरून कुणाची तरी वरात गेली. या खेपेला तुम्ही एक गोष्ट बदललीत. बस दारात शिरली की तुम्ही तिच्यापुढे चालायचात, उजवा हात बाहेर काढून, "येऊ द्या, येऊ द्या" करत, सगळ्या वळणावर. डेपोत गाडी लावताना कंडक्टर करतो तसं. आणि बातमीदारांना आधीच हात जोडून कट्ट्यावर बसवायचात. मीही तिथे बसायचे. तुम्ही एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाहीत.

तीन झाले. थांब्याची पाटी परत लागली. पहिल्या बसमधून पहिल्या कोण उतरल्या, ते मी बातमीत लिहिलं होतं, पण पुढचं संभाषण गाळलं होतं. ते इथे देते. ताराबाई दांडी धरून, एक एक पायरी करत उतरल्या. दारात उभ्या राहून त्यांनी बाग पाहिली. मग तुमच्यासमोर रिकामा हात धरला.

"अवो, माझं कार्ड?"

"तुजं कशाला? तूच तर कापतीस."

"कापते, म्हून काय झालं? मी बसनं आले की. पाडा भोक."

तुम्ही कार्ड काढलंत. पंच दोनदा घसरला. मागून शब्बीरभाई ओरडले, "मास्तर, जल्दी करो, टायम हुआ!" आणि तुम्ही बायकोला म्हणालात, "सरका पुढं, मागं लोक हायेत." त्या म्हणाल्या, "सरकते. मागं हवा लई हाय." सगळा थांबा हसला. मग तुम्ही पंच दाराच्या लोखंडी कडीवर दोनदा आपटलात. डबल बेल. बस निघाली.

तुम्ही बुधवारी गेलात. काल बागेतून मी तुमच्या घरी आले. ताराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी पत्रिकांचा गठ्ठा आणि कात्री तशीच होती. मी स्कूटरचं सांगायला गेले होते. त्याच आधी म्हणाल्या, "त्यांना ठावं हुतं, ताई. तुमची गाडी. लंबर बी सांगितला हुता मला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुम्हाला बोलावलं होतं. विचारलं होतं, गाड्या कुणाच्या? फिरायला येणाऱ्यांच्या नसतील, तर हा रविवार मी धरतो. थांबा मंजूर. फक्त कुणाच्या होत्या ते सांगा. आणि तुम्ही म्हणालात, मी पाहिलं नाही.

"म्या इचारलं त्यांना, का न्हाय सांगितलं? तर म्हनले, लाजलीया ती. आता रविवारी चालत येतीया का न्हाय बघ. सायेबाच्या कागदात नाव घातलं तर येनार न्हाय. आनी लिवायचं ते ती सोता लिवंल."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, तवर माझं गुडघं थांबत्यात व्हय? तर म्हनले, थांबतील की. तुला सवं हाय थांबायची." ताराबाई हसल्या. मग पदराने तोंड पुसलं.

मास्तर, मी वाद सोडलेला नाही. तुमचंही चुकलं, असं माझं आजही मत आहे. तुम्ही नाव सांगितलं असतंत तर ताराबाईंना एक अख्खा उन्हाळा आधी बाग दिसली असती. मल्लिनाथशेठांना मान खाली घालावी लागली नसती. एका माणसाच्या लाजेवर एवढं खर्च करू नये. तुमच्या बाजूने पुरावा एकच आहे, आणि तो माझ्याच टेबलाच्या खणात आहे. रबर लावून ठेवलेला. तुम्ही म्हणाला होतात तसं झालं. मी चालत आले. पण "सोता लिवंल" हे तुम्ही म्हणाला होतात, ते मात्र तुमच्या हयातीत झालं नाही. तुम्ही वर्षभर दर रविवारी मला विचारत राहिलात, कशावर आला. मला वाटायचं, तो फक्त गाडीचाच प्रश्न आहे.

निघताना ताराबाईंनी पंच माझ्यापुढे केला. मल्लिनाथशेठांनी निरोप पाठवला होता, तो बागेत हवा म्हणून. मी हात पुढे केला तर त्यांनी पंच मागे घेतला. "न्हाय, तुमी नको. तुमी लिवा. मी येते पुढल्या रविवारी, सहा धाच्या बसनं. खांबापाशी खुर्ची ठिवा म्हनावं तेवढी."

खुर्चीचं शेठांना सांगितलं आहे. ती दुकानातून आणणार आहेत, बसमधून. शब्बीरभाईंनी आधीच विचारलं, खुर्चीचं तिकीट घ्यायचं की नाही.

वर्तमानपत्रात दुरुस्ती छापायची एक रीत असते. जी बातमी चुकली, ती ज्या पानावर होती त्याच पानावर, तितक्याच जागेत, कारणं न देता. संपादक म्हणाले, इतक्या महिन्यांनी कुणी दुरुस्ती मागितलेली नाही. मी म्हटलं, मागितली होती, मी जागा नाही म्हणून सांगितलं होतं. ती आजच्या अंकात आहे. तुम्हाला अंक पिशवीत घालून आणायची सवय होती, म्हणून इथेही देते:

"दुरुस्ती. बागेच्या दारातील बसच्या तिसऱ्या चाचणीच्या बातमीत, दारात काही वाहने उभी असल्याने बसला मागे यावे लागले, असे म्हटले होते. ती वाहने वार्तांकनासाठी आलेल्या बातमीदारांची होती. बसचे चाक अडले ती निळी स्कूटर बातमी लिहिणाऱ्या प्रतिनिधीची होती. बागेत फिरायला आलेल्यांपैकी एकाचेही वाहन दारात नव्हते. त्या दिवशी सगळे चालत, सायकलवर किंवा बसने आले होते."